समुद्रातली तेलाची पाइपलाइन बंद पडली की पुन्हा सुरू कशी करतात? आणि किनाऱ्याला ते कधी कळतं?

खाडीकाठ

मुंबई हायचं तेल १९७८ पासून पाइपलाइनने उरणला येतंय. मुख्य लाइन ३० इंची, लांबी सुमारे २०० किलोमीटर. ती चालू असताना काय काळजी घेतात यावर वाचायला मिळतं. पण दुरुस्तीसाठी म्हणा, बिघाडामुळे म्हणा, अशी लाइन काही दिवस किंवा काही आठवडे बंद राहिली आणि मग पुन्हा सुरू केली, तर त्या पहिल्या काही तासांत नेमकं काय करतात याबद्दल मराठीत एक ओळ सापडत नाही.

माझं मत आधीच सांगतो. लाइनच्या आयुष्यातला सगळ्यात नाजूक वेळ हाच असतो, आणि नेमकं तेव्हाच करंजा, मोरा, रेवसच्या बंदरांवर कुणाला काही माहीत नसतं. जाणकारांनी लिहावं: सुरू करण्याआधी काय तपासायला हवं, काय बिघडू शकतं, आणि बंदरावर सूचना लावायची तर तिच्यात काय असावं?

मीटररूम

चांगला विषय. आधी लाइनचा आवाका डोळ्यांसमोर यावा म्हणून हिशोब मांडतो. आतला व्यास ०.७३ मीटर धरा, लांबी २०० किमी. आत मावणारं तेल सुमारे ८३,७०० घनमीटर, म्हणजे सव्वापाच लाख बॅरल. सेकंदाला एक मीटर वेगाने तेल ढकललं तर या टोकाचा थेंब त्या टोकाला पोचायला ५५ तास लागतात.

सुरू करण्याआधीची पहिली पायरी म्हणजे दोन्ही टोकांचे व्हॉल्व्ह बंद करून दाब धरून ठेवणं. दाब उतरला तर कुठेतरी गळतंय. ऐकायला सोपं आहे, पण इतक्या लांब लाइनला यात दोन फसवे मुद्दे असतात.

पहिला मुद्दा तापमानाचा. पूर्ण भरलेल्या बंद लाइनमध्ये तेल एक अंशाने थंड झालं तर दाब साधारण ८ बारने (बार हे दाबाचं एकक) उतरतो. गळती नसताना गळतीसारखं दिसतं. उलट तेल तापत असेल तर खरी गळती झाकली जाते. म्हणून तापमान स्थिर होईपर्यंत थांबायचं, आणि दोन्ही टोकांचे तापमानाचे आकडे दाबाशेजारी दर पंधरा मिनिटांनी लिहायचे.

दुसरा मुद्दा आकाराचा. एवढ्या लाइनमधून १० घनमीटर तेल, म्हणजे साठेक बॅरल, बाहेर गेलं तरी दाब जेमतेम सव्वा बारने उतरतो. काट्याच्या गेजवर तो फरक कळतही नाही. इथे ०.०१ बार दाखवणारा डिजिटल गेज आणि निदान २४ तासांची चाचणी लागते. दोन तास धरून "दाब टिकला" म्हणणं म्हणजे चाचणी झाली असं मी मानत नाही.

मेणाचा_दिवा

मीटररूम यांचे आकडे बरोबर आहेत, पण त्यांनी तेल पातळच आहे असं गृहीत धरलंय. मुंबई हायचं कच्चं तेल हलकं आणि कमी गंधकाचं असलं तरी मेणाचं आहे. गोठणबिंदू ३० अंशांच्या आसपास. ७५-८० मीटर खोलीवर तळाचं पाणी त्याहून थंडच. म्हणजे वाहणं थांबलं की हळूहळू खोबरेल थंडीत गोठतं तसं हे तेल गोठायला लागतं. फरक एवढाच की बाटली उन्हात ठेवता येते, २०० किलोमीटर पाइप नाही.

गोठलेलं तेल हलवायला किती दाब लागेल याचा ढोबळ हिशोब असा: गोठलेल्या तेलाची चिकट ताकद गुणिले चार, गुणिले लांबी, भागिले व्यास. ताकद फक्त ५ पास्कल (बारपेक्षा खूप छोटं एकक) धरली तरी ५५ बार येतात. १० धरली तर ११०. लाइनची दाबाची परवानगी त्याच्या अलीकडेच संपलेली असू शकते. प्रत्यक्षात सगळं तेल एकदम हलत नाही, पंपाकडचा भाग आधी मोडतो आणि ती मोड पुढे सरकते, त्यामुळे लागणारा दाब हिशोबापेक्षा कमी भरतो. पण ती सरकायला तास तास लागतात. त्या वेळात अधीर होऊन पंपाचा जोर वाढवला की जुन्या, झिजलेल्या जागेवर ताण पडतो.

उपाय बंद करण्याआधी करायचा असतो, नंतर नाही. गोठणबिंदू खाली आणणारं रसायन तेल गरम असताना, मेणाचे कण तयार व्हायच्या आधी मिसळावं लागतं. दशलक्ष भागांत काहीशे भाग, तेलाप्रमाणे. गोठल्यावर ओतून काही उपयोग नाही. बंदी (लाइन बंद असण्याचा काळ) लांबणार असं आधीच कळलं तर तेल डिझेलने किंवा पाण्याने ढकलून काढायचं. अचानक बंद पडली तर किती तासांत परत हलवायचीच, तो आकडा प्रयोगशाळेतून आधीच काढून नियंत्रण कक्षात भिंतीवर लावलेला हवा.

सागरवेडा

मग गोठलेलं तेल गळणारच नाही ना? भोक असलं तरी मेणच बुच मारेल. त्या अर्थाने बंद लाइन सुरक्षितच म्हणायची.

मेणाचा_दिवा

@सागरवेडा, बंद असेपर्यंत बुच बसेलही. पण सुरू करताना तेच बुच घात करतं. गोठलेल्या तेलातून दाब पुढे नीट पोचत नाही. प्लॅटफॉर्मवरचा गेज ४० बार दाखवेल, उरणकडचा जागचा हलणार नाही, आणि मधे भोक असलं तरी मेणाच्या गोळ्यापलीकडे ते दिसणारच नाही. म्हणजे मीटररूम यांची दाब धरायची चाचणी गोठलेल्या लाइनवर पास होऊ शकते, भोकासकट.

मीटररूम

मान्य. माझ्या वरच्या प्रतिसादात ही अट लिहायला हवी होती: एका टोकाला दाब थोडा वाढवला की दुसऱ्या टोकाचा गेज हलतो, याची खात्री झाल्याशिवाय चाचणीचा निकाल ग्राह्य नाही. पातळ तेलात दाबाची लाट सेकंदाला साधारण एक किलोमीटर जाते, म्हणजे २०० किमीला तीन-चार मिनिटं. तेवढ्या वेळात दुसरीकडे काहीच दिसलं नाही तर चाचणी थांबवायची.

आणखी एक. बंद असताना वरून दाब पूर्ण सोडून देतात. ७५ मीटरवर समुद्राच्या पाण्याचा दाब साडेसात बार, आतल्या हलक्या तेलाचा खांब सहाच बारच्या आसपास. म्हणजे भोक असेल तर तेल बाहेर येण्याऐवजी पाणी आत शिरतं. समुद्रावर तवंग दिसत नाही म्हणून लाइन ठीक, असा निष्कर्ष तेव्हा काढू नये. सुरू केल्यावर उरणला पाण्याचं प्रमाण अचानक वाढलं तर ते नेमकं कुठलं पाणी, हे त्यातलं क्लोराइड (मिठाचा अंश) तपासून बघावं.

नवा_इंजिनिअर

पण आता लीक डिटेक्शन सिस्टिम असते. अलार्म वाजला की बंद करा. एवढी चर्चा कशासाठी?

लाँगबीचकर

@नवा_इंजिनिअर, याच प्रश्नाचं उत्तर कॅलिफोर्नियात ऑक्टोबर २०२१ मध्ये मिळालं. हंटिंग्टन बीचसमोर 'एली' नावाच्या प्लॅटफॉर्मवरून लाँग बीचला येणारी १६ इंची लाइन आहे. जानेवारी २०२१ च्या वादळात नांगरलेली दोन मोठी जहाजं ओढली गेली, त्यांच्या नांगरांनी ही लाइन जागेवरून सुमारे १०५ फूट सरकवली. पाइप तेव्हा फुटला नाही. आठ महिन्यांनी फुटला.

१ ऑक्टोबरला दुपारी चारच्या सुमाराला पहिला अलार्म वाजला. सिस्टिमने गळतीची जागा चुकीची दाखवली: प्लॅटफॉर्मजवळ, जिथे काहीच गळत नव्हतं. माणसांनी तिथे बघितलं, काही दिसलं नाही, अलार्म खोटा ठरवला. मग लाइन बंद करायची, पुन्हा सुरू करायची, पुन्हा अलार्म, असं रात्रभर चाललं. एकूण आठ अलार्म. शेवटी बंद झाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी सहानंतर, म्हणजे सुमारे १४ तासांनी. ५८८ बॅरल तेल समुद्रात गेलं. पहिल्या अलार्मनंतर लाइन बंदच ठेवली असती तर त्यातलं बरंचसं गेलं नसतं, असं अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत निघालं. ती लाइन पुन्हा सुरू व्हायला एप्रिल २०२३ उजाडला.

म्हणून "पुन्हा सुरू करणं" हे फक्त मोठ्या बंदीनंतरचं काम नाही. प्रत्येक अलार्मनंतर बटण दाबणं हेही पुन्हा सुरू करणंच आहे.

मीटररूम

+१. त्यात भर: सिस्टिम आत गेलेलं आणि बाहेर आलेलं तेल मोजून तुलना करते. सुरुवातीला लाइन भरत असते, दाब चढत असतो, आत जास्त जातं आणि बाहेर कमी येतं. सिस्टिमला ती गळतीच वाटते. म्हणून सुरुवातीला अलार्मची मर्यादा ढिली करतात, किंवा अलार्म तात्पुरता बंद करतात. डोळा झाकायचा तो नेमका अपघाताच्या वेळी. करायचंच असेल तर किती वेळ, कुणाच्या सहीने, आणि तोवर दर दहा मिनिटांनी हाताने हिशोब कोण करणार, हे आधी कागदावर हवं.

दाब टप्प्याटप्प्याने चढवायचा. परवानगीच्या पाव हिश्श्यावर थांबा, मग निम्म्यावर, मग पाऊण. प्रत्येक टप्प्यावर लाइनवरून बोट किंवा हेलिकॉप्टर फिरवून पाण्यावर तवंग बघायचा. हे दिवसाच्या उजेडातच होतं, म्हणून पंप पहाटे सुरू करतात. उरणचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असल्याची खात्री पंपाआधी. चालत्या तेलाचा वेग एकदम सेकंदाला एक मीटरने रोखला गेला तर दाब ८ बारने उसळतो.

गंजशोध्या

वरची सगळी चर्चा तेलाची झाली, पाइपच्या लोखंडाची नाही. बंद लाइनमध्ये तेलाबरोबर आलेलं पाणी खाली बसतं आणि सखल जागी साचतं. वाहत्या तेलात पाणी विस्कटलेलं असतं, बंदीत ते एकाच जागी, पाइपच्या तळाच्या रेषेवर, आठवडेच्या आठवडे उभं राहतं. त्यात सल्फेटवर जगणारे जिवाणू वाढतात आणि त्यांच्या थराखाली खड्डे पडतात. बाकी पाइप नवा दिसतो, एका खड्ड्यात जाडी संपलेली. बंद करण्याआधी जिवाणूनाशक आणि गंजरोधक टाकलं होतं का, हा प्रश्न सुरू करण्याआधी विचारावा.

बाहेरून बघायचं ते असं. कॅथोडिक संरक्षणाची (पाइपला सौम्य वीजप्रवाह देऊन गंज रोखायची पद्धत) पातळी सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या मापन-इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे ०.८० व्होल्ट किंवा त्याहून उणे हवी. रायझरचा (तळापासून प्लॅटफॉर्मवर चढणारा उभा पाइप) लाटांच्या रेषेतला भाग, जिथे कधी पाणी कधी हवा, तिथे हे संरक्षण नीट पोचत नाही आणि गंज सगळ्यात जास्त. रायझरला कमी लेखू नका: २७ जुलै २००५ ला मुंबई हाय उत्तरला मदतजहाज रायझरवर आदळून जी आग लागली तिच्यात २२ जण गेले.

तपासणीच्या आकड्यांवरही आंधळा विश्वास नको. मे २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या रेफ्युजिओ किनाऱ्यावर २४ इंची लाइन फुटली. लाइन जमिनीवरची, पण तेल नाल्यातून समुद्रात उतरलं. फुटण्याआधी दोनच आठवडे आतून तपासणी पिग (तेलाबरोबर पाइपमधून सरकणारं तपासणीचं किंवा सफाईचं साधन) गेला होता. त्याच्या आकड्यात जाडीची घट निम्म्याहून कमी होती, प्रत्यक्षात ८९ टक्के निघाली. फोमच्या वेष्टनाखाली ओल साचली होती आणि वेष्टनामुळे कॅथोडिक संरक्षण पाइपपर्यंत पोचत नव्हतं. दहा वर्षं झाली, ती लाइन पुन्हा सुरू करण्यावरून तिथे किनारपट्टी आयोग, न्यायालयं आणि गावकरी यांच्यात वाद चालूच राहिला.

पिगट्रॅप

पिगचा विषय निघालाच आहे तर लिहितो. बंदीनंतर पहिला पिग कधीही कडक ब्रशचा नको. मेणाचा ढीग पुढे जमत जातो आणि पिग अडकतो, मग सुरू केलेली लाइन पुन्हा बंद. आधी मऊ फोमचा, तो किती फाटून आला ते बघायचं, मग घट्ट फोमचा, मग ब्रश. पिगला भोकं ठेवली की थोडं तेल पुढे फवारून मेण विस्कटतं. पिग वेळेवर आला नाही तर दाब वाढवण्याआधी ५५ तासांचा हिशोब पुन्हा करा, वेग कमी असेल तर तो अजून रस्त्यातच असतो.

आणि उरणच्या टोकाला ट्रॅपचं (पिग बाहेर काढायच्या कप्प्याचं) दार उघडताना: आतून येणाऱ्या काळ्या गाळात लोहाचं सल्फाइड असतं. ते कोरडं होऊन हवेला लागलं की आपोआप पेट घेतं. दार उघडण्याआधी आत पाणी, उघडल्यावर गाळ ओलाच ठेवायचा, ओलाच पिंपात भरायचा. कोरड्या बोळ्याने पुसून उन्हात टाकणं हे आगीला आमंत्रण आहे.

सागरवेडा

मला वाटतं मासेमारीबंदीत, १ जून ते ३१ जुलै, सुरू करणं सगळ्यात बरं. समुद्रात होड्याच नसतात. गळालं तरी जाळी खराब होणार नाहीत.

डोलकर

@सागरवेडा, याच्याशी मी ठाम असहमत. होड्या नसतात हे खरं, पण त्याच दोन महिन्यांत गळती आवरताही येत नाही. तेलाचा तवंग वाऱ्याच्या वेगाच्या साधारण तीन टक्के वेगाने सरकतो, प्रवाह वेगळा. नैर्ऋत्येचा २० नॉट वारा धरला तर दिवसाला २५-२७ किलोमीटर, आणि तोही थेट आपल्या किनाऱ्याकडे. त्या लाटांत बूम (तेल अडवणारा तरंगता अडसर) टिकत नाही, तवंग बघायला हेलिकॉप्टर उडत नाही, तळाचा सर्व्हे करणारं जहाज उभं राहत नाही. माशांची वीण याच काळात.

खरी वेळ ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढची. समुद्र शांत, पाणी नितळ, आणि पावसाळ्यात तळाची वाळू सरकून पाइप कुठे अधांतरी लोंबकळतोय ते आधी बघून घेता येतं. तेव्हा होड्या असतात हे मान्य. म्हणून तर सूचना द्यायची. सूचना टाळण्यासाठी पावसाळा निवडणं हे उलट्या टोकाचं झालं.

खाडीकाठ

डोलकर, बूमबद्दल अजून लिहाल का? खाडीत भरती-ओहोटीची ओढ असते तिथे काय करायचं?

डोलकर

बूम प्रवाहाला आडवा लावला तर पाऊण नॉटच्या आसपासच तेल खालून निसटायला लागतं. मुंबई बंदर आणि करंजाच्या तोंडाशी मोठ्या भरतीला ओढ त्याच्या दुप्पट-तिप्पट असते. म्हणून बूम तिरका लावायचा. दोन नॉटच्या ओढीला प्रवाहाशी वीसेक अंशांचा कोन, म्हणजे तेल थांबत नाही, पण घसरत काठाच्या एका ठरवलेल्या जागी येतं आणि तिथून उचलता येतं. ती जागा आधी ठरवलेली हवी. ट्रॅक्टर पोचेल अशी, कांदळवनात नव्हे.

कांदळवनात तेल शिरलं तर माणसांच्या झुंडी घेऊन साफ करायला उतरू नका. चिखलात पाय पडला की तेल खाली दाबलं जातं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं. तिवरांची श्वासमुळं तेलाने झाकली की झाड गुदमरतं. कमी दाबाच्या पाण्याने ओहोटीबरोबर धुऊन बाहेर आणणं, तेही होडीतून, एवढंच करण्यासारखं.

डोल जाळ्याचं दुखणं वेगळं. डोल खुंटाला बांधलेली असते, प्रवाह येईल ते गाळते. तवंग दिसल्यावर ट्रॉलर जाळं ओढून निघून जातो, डोलवाल्याला ओढ फिरेपर्यंत जाळं सोडवताही येत नाही. म्हणून त्याला निदान एक भरती आधी कळायला हवं. बोंबील आणि जवळा तेलाचा वास लगेच धरतात. आणि सुकत घातलेल्या मालालाही गिऱ्हाईक विचारतं "ह्यो त्या तेलातला नाय ना?" मासळी स्वच्छ असली तरी भाव पडतो.

कायद्याचा_किनारा

भरपाईवर दोन ओळी. टँकरमधून तेल सांडलं तर आंतरराष्ट्रीय करारांखाली विमा आणि निधी असतो. पाइपलाइन त्यात येत नाही. इथे दाद मागायची ती राष्ट्रीय हरित लवादाकडे, आणि तिथे चूक सिद्ध करायची गरज नसते, नुकसान सिद्ध करावं लागतं. २०१५ मध्ये लवादाने उरण भागातल्या १६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटींची भरपाई मंजूर केली होती. ते प्रकरण भराव आणि कांदळवनाचं होतं, तेलाचं नव्हे, पण कुटुंबागणिक नुकसान मोजता येतं हे त्यातून दिसलं.

म्हणून कागद गळतीआधीचे लागतात: होडीची नोंदणी, डिझेलचा कोटा, सोसायटीच्या लिलावाच्या पावत्या, निदान तीन वर्षांच्या. गळतीनंतर जमवलेला हिशोब समोरचा वकील मिनिटात फोडतो. तवंगाचा नमुना काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्या, प्लॅस्टिकच्या नको. तारीख, वेळ, जागा, दोन साक्षीदारांच्या सह्या, आणि बाटली बर्फात.

खाडीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे येतो. वरच्या प्रतिसादांवरून सूचनेचा मसुदा केलाय, चुका काढा:

"अमुक तारखेला पहाटे ५ पासून पुढचे तीन दिवस तेलाची पाइपलाइन पुन्हा सुरू करण्यात येणार आहे. लाइनच्या मार्गावर नांगर टाकू नये, ट्रॉल ओढू नये. पाण्यावर तवंग, बुडबुडे किंवा रॉकेलचा वास आढळल्यास तटरक्षक दलाला १५५४ वर कळवावे. मार्गाचे बिंदू खाली दिले आहेत."

डोलकर

बिंदू कसे देणार ते महत्त्वाचं. सर्व्हेवाले मीटरच्या आकड्यांत देतात, ते होडीच्या जीपीएसमध्ये भरताच येत नाहीत. अंश आणि मिनिटांच्या दशांशात द्या, १८ अंश ५०.२५ मिनिटं असं. शिवाय "जाळं अडकल्यास ओढू नये, कापून सोडावे, जागा कळवावी" हे वाक्य घाला. अडकलेलं जाळं विंचने ओढणं हा पाइपवरचा नांगरच.

मीटररूम

आणि "तीन दिवस" हा एकच आकडा नको. सुरू होण्याची वेळ, दाब पूर्ण चढण्याची वेळ आणि पहिला पिग उरणला पोचण्याची वेळ, तिन्ही वेगळ्या लिहा. काम पुढे ढकललं तर जुनी सूचना काढून नवी लावणाऱ्या माणसाचं पद आणि फोन खाली हवा. जुनी तारीख फळ्यावर तशीच राहिली की पुढच्या वेळी कुणी वाचत नाही.

खाडीकाठ

दोन्ही दुरुस्त्या घेतल्या. एक बाकी आहे: डोलवाल्यांसाठी पहाटे पाचऐवजी भरती-ओहोटीची वेळ लिहितो. "पहिल्या ओहोटीच्या आत जाळी उचलावीत." हे चालेल का?

डोलकर

"त्याआधीच्या ओहोटीला" असं लिहा. पंप सुरू व्हायच्या वेळी जाळं होडीत असायला हवं.